‘आवश्यक ती कार्यवाही करावी’: कोणी, कधी आणि कोणती?



इथे बरेच जण लश्करातल्या जुन्या वाड्यांवर, गणपतीतल्या मेळ्यांवर, आजीच्या हातच्या पदार्थांवर सुंदर लिहितात. मी जन्मभर बँकेत खर्डेघाशी केलेला माणूस, त्यामुळे माझा विषय जरा रूक्ष आहे. ऑफिसातलं पत्र, टिपण आणि आताचा ईमेल कसा लिहावा, यावर मला काही म्हणायचंय. तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? पण आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत जरा डोकावून बघा. कोणी एजी ऑफिसात, कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी शिक्षण खात्यात. १९५६ साली मध्य प्रदेश झाला, महालेखाकारांचं ऑफिस इथे आलं आणि त्यावर आपली कितीतरी घरं उभी राहिली. म्हणजे कागद लिहिणं हाच आपल्यातल्या बहुतेकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. आता मुलं-नातवंडं पुण्या-बंगळुरात तेच काम संगणकावर करतात, आणि चुकाही त्याच करतात.

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे मथळ्यातलं वाक्य. हिंदीत ‘सूचनार्थ एवं आवश्यक कार्यवाही हेतु प्रेषित’, मराठीत ‘माहितीस्तव व आवश्यक त्या कार्यवाहीस्तव सादर’, आणि इंग्रजीतलं आपलं लाडकं ‘प्लीज डू द नीडफुल’. तीन भाषा, पण अर्थ एकाही भाषेत नाही. आवश्यक म्हणजे काय, ते लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं किंवा सांगायचं नसतं. काम झालं तर ‘मी लिहिलंच होतं’, नाही झालं तर ‘मी लिहिलंच होतं’. दोन्हीकडून सुटका.

याची किंमत कोण देतं, ते सांगतो. आमच्या कॉलनीत एक वहिनी राहतात, पंच्याहत्तरीच्या. यजमान गेले. त्यांच्या एकट्याच्या नावावरचं एक खातं होतं, नॉमिनी लावलेला नव्हता. मुलगा जर्मनीत. वहिनींनी मृत्यूचा दाखला आणि अर्ज दिला. तीन आठवड्यांनी मेल आला, मूळ इंग्रजीत, त्याचा मराठी मासला असा: ‘आपल्या दाव्याच्या संदर्भात कळविण्यात येते की प्रकरण प्रक्रियेत असून आवश्यक ती कागदपत्रे लवकरात लवकर सादर करण्यात यावीत.’ कोणती कागदपत्रं? त्या ऑटो करून शाखेत गेल्या. एका बाईंनी आधार कार्ड मागितलं, ते दिलं. पुढच्या खेपेला दुसऱ्या साहेबांनी पासबुक मागितलं, ते दिलं. मग पुन्हा तोच मेल, शब्दही तेच. मे महिन्यातला ग्वाल्हेरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, मी वर्णन करत नाही.

यातली गोम बाहेरच्याला कळत नाही. रिझर्व्ह बँकेने वारस-दावे निकाली काढायला पंधरा दिवसांची मुदत घालून दिलीय. पण ती मोजायची सगळे कागद पूर्ण मिळाल्यापासून. आता ‘सगळे’ म्हणजे किती हे कुठे लिहूनच दिलं नाही, तर ते पूर्ण कधी होणार? पंधरा दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही. मेल लिहिणाऱ्या मुलाच्या मनात काही वाईट होतं असं मी मुळीच म्हणत नाही. त्याने आधीच्या माणसाचा मेल उचलून नाव बदललं असणार. पण मोघम लिहिण्याचा फायदा नेहमी लिहिणाऱ्याला होतो आणि भुर्दंड वाचणाऱ्याला बसतो.

वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही बँकेतले, एकदा येता का माझ्याबरोबर शाखेत?” मी म्हटलं, येत नाही, लिहून देतो. विषयाच्या ओळीत लिहिलं: ‘मृत खातेदाराचा वारस-दावा, उरलेल्या कागदांची पूर्ण यादी १० तारखेपर्यंत मिळावी.’ खाली चार ओळी. कोणत्या तारखेला कोणता कागद दिला. अजून जे हवेत त्यांची एकत्र यादी द्यावी, नमुने असतील तर सोबत जोडावेत. काही उरलं नसेल तर तसं कळवून पैसे कधी जमा होतील ते सांगावं. हे प्रकरण कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, त्यांचं नाव आणि फोन नंबर. एवढंच. ना तक्रार, ना ‘मी ज्येष्ठ नागरिक असून’, ना वरच्यांना प्रत. दोन दिवसांत उत्तर आलं: मुलाचं संमतीपत्र, अमुक नमुन्यात, आणि एका जामीनदाराची सही. काम मार्गी लागलं.

बी.कॉम.ला आम्हाला व्यापारी पत्रव्यवहार शिकवला होता. त्यात ‘वी बेग टु ॲक्नॉलेज’ पासून ‘युवर्स फेथफुली’ पर्यंत सगळा साज होता. मधला मजकूर कसा लिहायचा, ते सोडून! ते आम्ही नोकरीत शिकलो, तेही मार खाऊन. स्वतः खाल्लेला असो वा दुसऱ्याला बसताना पाहिलेला.

मी १९७३ मध्ये नोकरीला लागलो. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर गावोगाव शाखा उघडत होत्या, त्या लाटेतले आम्ही. पुढे काही वर्षं चंबळकडच्या तालुक्याच्या गावांत काढली. मोहरीचा हंगाम आला की आडत्यांची खाती फुगायची. एकदा अशाच एका खात्यावर मर्यादेपेक्षा बराच मोठा चेक आला. शाखा होती माझ्या एका सहकाऱ्याकडे. त्याने चेक परत करायचं ठरवलं, तेवढ्यात वरच्या ऑफिसातून ट्रंक कॉल: “पार्टी अच्छी है, पास कर दीजिए, कन्फर्मेशन भेज रहा हूँ।” त्याने पास केला. कन्फर्मेशन आलं नाही. त्याने मागितलंही नाही, साहेबांना पुन्हा पुन्हा काय विचारायचं म्हणून. दोन हंगामांनी आडत्या बुडाला. चौकशी लागेपर्यंत चार वर्षं उलटली होती. साहेबांची बदली होऊन ते दुसऱ्या राज्यात गेले होते. त्यांनी लिहून कळवलं की असा फोन केल्याचं त्यांना स्मरत नाही. कदाचित खरंच स्मरत नसेल, रोज पन्नास फोन करणारा माणूस. माझ्या सहकाऱ्याच्या दोन वेतनवाढी गेल्या, बढती गेली, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे गावात नाव गेलं. मुलीचं लग्न ठरायचं होतं तेव्हा.

त्याच हंगामात, त्याच साहेबांचा, तसाच फोन शेजारच्या शाखेतही गेला होता. तिथले अकाउंटंट आपल्यातलेच होते, लश्करचे, वयाने मोठे. सगळे त्यांना काका म्हणत. काकांनीही चेक पास केला. पण संध्याकाळी टाइपरायटरवर बसून चार ओळी लिहिल्या: ‘आज दुपारी साडेतीन वाजता आपण ट्रंक कॉलवर दिलेल्या सूचनेनुसार अमुक खात्याचा इतक्या रुपयांचा चेक पास केला आहे. खात्याची मर्यादा इतकी, चेकनंतरची बाकी इतकी, म्हणजे इतके रुपये जादा. लेखी मंजुरी परतीच्या टपालाने पाठवावी.’ मूळ प्रत रजिस्टर पोस्टाने, कार्बन कॉपी फायलीत, जावक रजिस्टरात नोंद. मंजुरी त्यांनाही आली नाही. पण चौकशीत फाइल उघडली आणि काकांचं प्रकरण दहा मिनिटांत मिटलं.

काका काही धूर्त नव्हते. नियमच तसा होता. बँक अधिकाऱ्यांच्या १९७६ च्या आचरण नियमांत स्पष्ट आहे की वरिष्ठाची सूचना तोंडी असेल तर त्याने ती लेखी पक्की करून द्यावी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आचरण नियमांत तर कर्मचाऱ्यानेही अशी लेखी खातरजमा लवकरात लवकर मागावी असं म्हटलंय. पुढे माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी हेच ठणकावून सांगितलं की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर चालू नये, आदेशाची नोंद झाली पाहिजे. नोंदच नसेल तर माहितीच्या अधिकारात नागरिकाला द्यायचं काय? नियम होता, आहे. लिहायचा कंटाळा, आणि त्याहून जास्त संकोच, हे खरं दुखणं. साहेबांना लिहून विचारलं तर त्यांना वाटेल विश्वास नाही! अहो, काकांच्या त्या पत्रात अविश्वासाचा एक शब्द दाखवा.

मला जे सांगायचंय ते हेच आहे. ऑफिसातला कागद ज्याच्या नावाने लिहितो, त्याच्यासाठी तो असतोच. पण तो एका तिसऱ्या माणसासाठीही असतो. हा तिसरा तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या साहेबाला ओळखत नाही, फोनवर काय झालं त्याला ठाऊक नाही. तो ऑडिटर असेल, चौकशी अधिकारी असेल, तुमच्या जागी बदलून आलेला पोरगा असेल, किंवा काउंटरसमोर उभी असलेली वहिनी. पाच वर्षांनी त्याला तो कागद एकट्याने वाचून कळला, तर तो नीट लिहिला. ‘कालच्या चर्चेनुसार पुढे जावे’ असा मेल तिसऱ्याला काय सांगतो? कसली चर्चा, कुठे पुढे?

तिसऱ्या वाचणाऱ्यावरून आपल्याच इतिहासातलं एक पत्र आठवतं. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे येत होते आणि २४ जानेवारीला भेलशाजवळ, म्हणजे आपल्या आजच्या विदिशाजवळ, एका सावकारी कासीदाचं पत्र त्यांच्या हाती लागलं. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, अशा अर्थाचा मजकूर. सावकारी पत्र, म्हणजे आमच्याच धंद्यातलं! पत्र ज्याला लिहिलं त्याला कळावं आणि वाटेत कोणी फोडलं तर कळू नये, अशी ती भाषा. पेशव्यांना मात्र मोती कोण ते लगेच कळलं. विश्वासराव आणि भाऊसाहेब. सांकेतिक असूनही त्यात पहिल्या ओळीत सगळ्यात मोठं नुकसान, मग त्याखालचं, मग उरलेलं, असा क्रम आहे. आमच्या ऑफिसांत वाईट बातमी तिसऱ्या परिच्छेदात ‘तथापि’ नंतर दडवून ठेवतात. आणि सावकाराला गुप्ततेचं कारण तरी होतं. आम्ही विनाकारण कोड्यात लिहितो.

जुन्या मराठी पत्रांवर फापटपसाऱ्याचा आरोप होतो. मायने मोठाले असतात, खरं आहे. पण मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला फार आवडली. ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ हे झालं की एक शब्द येतो: ‘विशेष’. तिथून मुद्दा सुरू. महादजी शिंद्यांच्या दफ्तरात रोज ढिगाने पत्रं येत असतील, कारकुनाची नजर सरळ ‘विशेष’ वर जात असणार. आपल्या ईमेलला विषयाची ओळ दिलीय ती याच कामासाठी, आणि तिथे लोक लिहितात ‘महत्त्वाचे’, ‘तातडीचे’ किंवा तीन आठवडे जुन्या मेलचं ‘आरई आरई आरई’. शेवटाचंही तसंच. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी छोटी मुद्रा असे, म्हणजे पत्राची हद्द इथे संपली. त्याखाली मागाहून कोणाला ओळ घुसवायची सोय नाही. आता मेलच्या शेवटी काय असतं? एक सुविचार, चार बोधचिन्हं आणि ‘हा मेल चुकून मिळाला असल्यास’ म्हणून अर्धं पान.

एजी ऑफिसवाल्यांना ‘हाफ मार्जिन’ आठवत असेल. ऑडिटचा आक्षेप अर्ध्या पानात लिहायचा आणि अर्धं पान कोरं सोडायचं, समोरच्याने तिथेच उत्तर लिहायचं. प्रश्न आणि उत्तर शेजारी शेजारी, तिसऱ्याला वेगळा कागद शोधावा लागत नाही. इतकी साधी आणि शहाणी युक्ती मी दुसरीकडे पाहिली नाही. ईमेलमध्येही करता येते ती. दोन-तीन प्रश्न असतील तर आकडे घालून लिहा, समोरचा आकड्यांपुढे उत्तर देतो. सगळं एका परिच्छेदात कोंबलं की तो सोयीच्या एका प्रश्नाचं उत्तर देऊन बाकीचे गिळतो.

आणि ती ‘सीसी’! तिचं मूळ कार्बन कॉपीत आहे हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. पातळ कागद घातले तरी चौथी-पाचवी प्रत वाचता येत नसे, बोटं निळी व्हायची ती वेगळीच. म्हणून प्रत कोणाला पाठवायची याचा विचार व्हायचा. आता फुकट आहे, तर चाळीस जणांना. चाळीस जणांना पाठवलेलं काम एकाचंही नसतं. काहींना वाटतं मीही ‘सगळं लिहून ठेवा’ म्हणजे स्वतःचं अंग काढून घ्या असं सुचवतोय. उलट आहे. काकांनी पत्रात ‘मी चेक पास केला आहे’ असं लिहिलं होतं, ‘करण्यात आला’ असं नव्हे. आपली हिंदी-मराठी दफ्तरी भाषा ‘किया जा रहा है’, ‘करण्यात येत आहे’ याच्या आड लपते. करतंय कोण? तिथे माणूस किंवा निदान हुद्दा आला की अर्धं पत्र आपोआप सुधारतं.

भाषेचं म्हणाल तर आपण ग्वाल्हेरकर तीन दगडांवर पाय ठेवून उभे. १९७६ च्या राजभाषा नियमांत मध्य प्रदेश ‘क’ क्षेत्रात, महाराष्ट्र ‘ख’ मध्ये. हिंदीत आलेल्या पत्राला उत्तर हिंदीतच द्यायचं. आम्ही विचार मराठीत करायचो, कच्चा खर्डा हिंदीत आणि आकडे इंग्रजीत. पुण्याहून बदलून आलेले एक अधिकारी कर्जवसुलीच्या फायलीत ‘दोनों पक्षों में राजीनामा हो गया’ वाचून मला विचारत होते, राजीनामा नक्की कोणी दिला? हिंदीतला राजीनामा म्हणजे तडजोड, हे त्यांना कोण सांगणार! तसंच ‘परिपत्र में संशोधन’ वाचून त्यांना वाटलं मुख्य कार्यालयात कोणी संशोधक बसवलेत. हसलो आम्ही तेव्हा. पण त्यातून मी एक धडा घेतला की जो शब्द दोघांच्या डोक्यात दोन अर्थ घेऊन बसेल, तो कागदावर टाळावा. तारीख, रक्कम, नाव यांचा असा घोटाळा होत नाही. ‘लवकरात लवकर’ चा मात्र होतोच. माझं लवकर उद्या, तुमचं लवकर दिवाळीनंतर.

हल्ली मुलं मेल चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. नातीने मला एक दाखवला. व्याकरण चोख, अदब भरपूर, ‘आपल्या बहुमूल्य सहकार्याबद्दल’ वगैरे. फक्त कोणत्या तारखेपर्यंत काय हवंय ते नव्हतं, कारण तिने ते यंत्राला सांगितलंच नव्हतं. आमच्या वेळी हेच काम जुनी फाइल बघून उतरवणारा कारकून करायचा. यंत्राने काही नवीन बिघडवलेलं नाही.

माझा भाचा हिंजवडीला एका कंपनीत आहे. गेल्या वर्षी त्यांच्याकडे माणसं कमी करायचं चाललं होतं, पोरगा धास्तावलेला. मी त्याला काकांची गोष्ट सांगितली तर म्हणाला, “मामा, आजकाल कोण इतकं लिहितं? कॉल करून टाकतो, दोन मिनिटांत काम.” मी म्हटलं, कॉल कर की, ट्रंक कॉल आम्हीही घ्यायचो. फोन ठेवल्यावर फक्त तीन ओळी लिही: आपलं काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. शेवटी ‘माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर कळवावं’. तो म्हणाला, साहेबांना राग येईल. मी म्हटलं, एकदा करून तर बघ.

त्याने पाठवला. ग्राहकाला नवीन आवृत्ती १२ तारखेला द्यायची, तोवर त्याच्या टीमने शनिवार-रविवार काम करायचं, असं लिहिलं होतं. दहा मिनिटांत साहेबाचं उत्तर आलं: धन्यवाद, पण १२ तारीख पुढच्या महिन्याची आहे, या महिन्याची नाही.